दिसतंय म्हणून थांबू नकोस

शहापूर, बेळगाव

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वखारीचं काम आटोपलं, नातू बालवाडीत रमला, वाचून बरं वाटलं. पण मधेच तू लिहिलंयस, 'पेपर वाचतो, रात्री गाडी चालवतो, मग डोळे तपासायचे कशाला?' त्या एका ओळीसाठी लिहायला बसलोय.

आमच्या आण्णांनी वडगावात आयुष्यभर माग चालवला, तुला ठाऊकच आहे. तुटलेलं सूत अजूनही झटक्यात सांधतात. साखर जुनी. हट्टानं त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या नि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो काढला. नारिंगी पडद्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, कडेला पिवळसर डाग. आण्णा म्हणाले, "पण मला तर सगळं दिसतंय की!" डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बारीक रक्तवाहिन्यांना फुगवटे आलेत, काही ठिकाणी त्या पाझरतायत. पडद्याच्या मधोमध सूज येत नाही, आत रक्त उतरत नाही, तोवर माणसाला पत्ताच लागत नाही.

तुला साखर निघून पंधरा वर्षं होत आली की रे. जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त. टाइप २ मधुमेहात वीस वर्षांनी निम्म्याहून अधिक लोकांच्या पडद्यावर काही ना काही खुणा दिसतात. वर्षं आपल्या हातात नाहीत, पण बाकीचं पुष्कळ आहे. तपासणीच्या आधी दोन दिवस तू भात सोडतोस, असं वहिनी सांगत होत्या. त्यानं उपाशीपोटीची साखर बरी दिसेल, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी फसणार नाही. पडद्याचं नुकसान ठरतं ते त्या सरासरीवर.

आणि बीपी! साखरेवर सगळे बोलतात, बीपीची गोळी मात्र 'आज बरं वाटतंय' म्हणून राहून जाते. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. मधुमेहींचं बीपी नीट आवरलं तर पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं. म्हणून तुझी ती गोळी चुकवलेली मला चालत नाही. लघवीतलं प्रोटीन नि कोलेस्टेरॉलही बघून घे. किडनी बिघडू लागली की पडद्यालाही जपावं लागतं. विडी सोड, हे मी वेगळं सांगायला नको.

इन्शुलिन घेतलं की डोळे जातात, असं तुझ्याकडच्या कुणीतरी तुझ्या मनात भरवलंय. अरे, बहुतेकांना इन्शुलिन लागतं तेच बऱ्याच वर्षांनी, आणि तोवर पडद्यावर परिणाम झालेला असतो. दोष मात्र सुईला. एक गोष्ट खरी आहे. फार चढलेली साखर एकदम खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणूनच औषध वाढवायच्या आधी डोळे दाखवायचे. औषध टाळायचं नाही. टाइप २ मध्ये निदान झालं की लगेच पहिली तपासणी आणि पुढे सहसा दरवर्षी, असा नियम आहे. तुझी एकदाही झालेली नाही, याचीच मला काळजी वाटते. लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, वेळेत गेलं तर नजर टिकवता येते. गेलेली नजर पूर्ण परत मिळेलच असं नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात ये. निपाणीतच दाखवणार असशील तरी हरकत नाही, पण बाहुली मोठी करून पडदा बघा, असं तोंडानं सांग. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस. इकडे आलास तर बसनं ये, गाडी घेऊन नको. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही. वहिनींना सोबत आण, मुक्कामालाच या. जुने रिपोर्ट नि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत टाकायला विसरू नकोस. कधी येतोस ते फोनवर कळव, म्हणजे सकाळचा नंबर लावून ठेवतो.

तुझाच,
वसंता