मिठाचा पुडा बाजूला ठेवा

आई, बाबा,

फोनवर बाबा "बरंय सगळं" म्हणतेत आन् फोन आईकडं देतेत, म्हणून लिहायलेय. आई, तू वाचून दाखव, चष्मा टीव्हीच्या मागं असंल.

पहिलं सांगूनच टाकते, रागावू नका. शनिवारी साडेदहाला लातूरला डॉक्टरकडं, बाबा, तुमचा नंबर लावलाय. शुक्रवारी रक्त द्यायचं, क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं) आणि पोटॅशियम बघायला. दादा गाडी घेऊन येतोय. विचारलं नाही, कारण विचारलं की हरभऱ्याला पाणी द्यायचं निघतंच तुमचं.

झालं काय, दिवाळीत आले तवा बाबांच्या स्टीलच्या डब्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढले होते ना, ते परवा ऑफिसातल्या टूलवर घातले. आमच्याकडं हे एआय एजंटासाठी केलंय. एजंट म्हणजे आपल्या वट्यावर चहा पिऊन जायचा तो विम्याचा नाही, कॉम्प्युटरमधला गडी म्हणा, सांगितलेलं काम करून येतो. पण ह्या गड्याला एक खोड हाय, माहीत नसलं तरी नाही म्हणत नाही, ठोकून देतो. औषधात तसलं कसं चालंल? म्हणून हे टूल त्याला सांगतंय की तोंडपाठ बोलू नको, आधी औषधाचं लेबल उघड, वाच, मग बोल. अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, ही लेबलं २०१४ पासून ओपनएफडीए नावानं सगळ्यांना खुली केलीत. गोळी कुणी घ्यायची नाही, कशासंगं घ्यायची नाही, सगळं त्यात असतंय.

आपल्याकडच्या कंपनीची नावं तिकडं सापडत नाहीत, आतलं औषध टाकावं लागतंय. आपली पॅरासिटामॉल तिकडं असिटामिनोफेन. बाबांच्या गुडघ्याच्या गोळीतलं असेक्लोफेनॅक टाकलं तर गडी म्हणला, लेबल नाही. अमेरिकेत ते औषध मंजूरच नाही. मला बरं वाटलं, नाही म्हणला म्हणून. मग बीपीच्या टेल्मिसार्टनचं लेबल काढलं आणि तिथंच दोन गोष्टी निघाल्या. एक, असेक्लोफेनॅकच्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या हिच्यासंगं घेतल्या की म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ताण येऊ शकतो. दुसरी, पोटॅशियमवालं मीठ, ते हिच्यासंगं खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम जास्त वाढू शकतं.

ते मीठ मीच पाठवलं. कमी सोडियमचं म्हणून, पुण्याहून, महाग. पुडा उलटा करून बघितलाच नाही, सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम घातलेलं असतंय. तीन महिने तुम्ही "पोरीनं पाठवलंय" म्हणून सगळ्यांना सांगत खाल्लं. त्या रात्री मला झोप नाही आली.

घाबरू नका. डॉक्टरला फोन केला, ते म्हणले बहुतेक काही नसंल, तरी बघून घेऊ. तवर ते मीठ आणि गुडघ्याची गोळी बंद, बीपीची चालू. बीपीची परस्पर बंद करायची नाही हां बाबा, तुमची सवय माहितीय मला.

बाबा, तुम्ही फवारणीच्या डब्यावरचा लाल तिकोन बघितल्याबिगर झाकण उघडत नव्हता. लाइट गेलेली, बॅटरी माझ्या हातात, आन् तुम्ही ती बारकी अक्षरं दोनदा वाचायचे, मग मला म्हणायचे "तू वाच, माझं चुकलं असंल." मी अडखळत वाचायची. तेच तुम्ही, मेडिकलवाला पट्टीच्या चार गोळ्या कापून देतो, त्यावर ना नाव उरतं ना तारीख, त्या खिशात टाकून शेताला जाता. गुडघे दुखायलेत हे खरं, मी नाही म्हणत नाही. उन्हात बसून आईकडून तेल लावून घ्या, शनिवारी दुसरं काहीतरी देतीलच.

दादा म्हणला, "मशिनीचं ऐकून बाबांना पळवायलीस." तसं नाही ओ. डॉक्टरला काय विचारायचं तेवढंच मशिनीनं दाखवलं.

आई, तुझंबी बघितलं. थायरॉइडची गोळी तू पहाटे चहासंगं घेतीस आन् लगेच कॅल्शियम. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्यासंगं घे, अर्धा तास ते तासभर काही खाऊ-पिऊ नको, चहासुद्धा, आणि कॅल्शियम चार तासांनी. दुपारच्या जेवणावर घेत जा. तुला तासभर चहाबिगर राहणं जमणार नाही, मला माहितीय, तरी कर.

लातूरला जाताना शिदोरी बांधू नको, बाहेर खा एक दिवस. गाडीत बाबांना पुढं बसू दे, पाय सरळ होतेत. पांघरूण घ्या. जुनी फाइल आणि डबा, दोन्ही पिशवीत, रात्रीच.

येळवसीच्या सणाला मी येतेच, सुट्टी टाकलीय. आंबील जरा जास्त कर. बाबांच्या वाटीत मीठ कमीच टाक, साधं. आणि तो महागाचा पुडा फेकायचं तुझ्या जिवावर येईल, फेकू नको, नुसता वरच्या फळीवर ठेव, शेजारच्या काकूला देऊ नको, त्यांनाबी बीपीची गोळी चालू हाय.

तुमची,
बेबी