ताई, तुमच्या वहीबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव, गाव, तालुका काहीच नाही. घरात मार खाणाऱ्या ज्या मुलाच्या नोंदी तुम्ही अंगणवाडीत वहीत ठेवल्यात, बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 मुळे त्याची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि अंगणवाडीचं नाव घेतलं की घर ओळखायला तुमच्या गावात कुणाला वेळ लागणार नाही. तरी आभार जाहीर मानतोय, कारण तुम्ही जे केलंत ते कुठल्याही सेविकेला, गुरुजींना, आशाताईंना करता येण्यासारखं आहे.

तुमच्या वहीत ‘मारहाण’ हा शब्द एकदाही नव्हता. तारीख, अंगावर काय दिसलं, आणि घरच्यांनी काय सांगितलं, एवढंच. कानामागे निळा डाग, आई म्हणाली पलंगावरून पडला. पाठीवर दोन समांतर वळ, टोकाला वळून एकमेकांना मिळालेले, वडील म्हणाले खेळताना लागलं. धावतं मूल पडतं तेव्हा नडगी, गुडघे, कोपर, कपाळ फुटतं, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड असतं तिथे. कान, मान, छाती-पोट-पाठ इथे पडण्याचा मार सहसा लागत नाही, म्हणून 4 वर्षांखालच्या मुलाच्या या जागांवरचा काळानिळा डाग डॉक्टर गांभीर्यानं घेतात. अजून पालथंही न पडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगावर तर एकही डाग का पडावा? आणि दोन्ही टोकं जुळलेला दुहेरी वळ दुमडलेल्या वायरचा किंवा दोरीचा असतो, खेळण्याचा नव्हे.

डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे तुम्ही लिहिलं नाहीत, हे फार बरं केलंत. तो अंदाज डॉक्टरांचाही चुकतो, आणि एक चुकीचा आकडा पुढे वकिलाच्या हाती लागतो. कमरेवरचा निळसर डाग जन्मापासूनचा आहे, हेही तुम्ही वेगळं नोंदवलंत. असे डाग आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतात आणि नवखी माणसं त्यावरूनच गोंधळ घालतात. भाजण्याचंही तसंच. मुलानं चहाचं पातेलं ओढलं तर चेहऱ्या-छातीवर वेडेवाकडे शिंतोडे आणि खाली निमुळता होत जाणारा ओघळ दिसतो. दोन्ही पावलं मोजा घातल्यासारखी एका सरळ रेषेपर्यंत पोळलेली असतील, तर ती गरम पाण्यात धरलेली असू शकतात. (मेळघाटात पोट फुगलं म्हणून बाळाला देतात तो डंबा, म्हणजे पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके, यात बसत नाही. त्यामागे राग नसतो, पण जखम तितकीच खरी असते, आणि तीही दडवायची नाही.)

वजनाच्या नोंदींनी सगळ्यात जास्त काम केलं. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे, हे आम्हाला वरिष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण मूल आजीकडे राहिलं की वजन चढतं, घरी परतलं की उतरतं, त्याच घरातल्या धाकट्याचा दंडघेर मोजपट्टीच्या हिरव्यात आणि याचा पिवळ्यात, म्हणजे 12.5 सेंटीमीटरच्या आत. अशा वेळी प्रश्न धान्याचा उरत नाही. सोमवारी खिचडीवर तुटून पडणं, खिशात घास लपवणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, बाप न्यायला आला की खेळ थांबवून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहणं, हेही तुम्ही टिपलंत. यातलं एकेक सुटं धरलं तर काहीच सिद्ध होत नाही. धाकटं भावंड आलं तरी मूल अंथरूण ओलं करतं. तेच मूल, तेच घर, दर वेळी बदलणारं कारण आणि दवाखान्यात न्यायला झालेला उशीर ओळीनं समोर आल्यावर मात्र मुलाच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

घरात दारू होती आणि आईलाही मार पडत होता. जिथे बाई मार खाते तिथे मुलाची चौकशी झालीच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. तुम्ही आईला चारचौघांत जाब विचारला नाहीत, म्हणून ती पुढे बोलली. घरी जाऊन बापाला सुनावलं असतं तर त्याच रात्री मुलाला जास्त मार पडला असता, किंवा कुटुंब गाव सोडून गेलं असतं. दोन्ही गोष्टी घडतात.

मुलाशी तुम्ही जेवढं बोललात तेवढंच पुरे होतं. ‘बाबांनी मारलं का?’ असं विचारलं की मूल मान हलवतं, आणि तो जबाब निकामी होतो. ‘हे कसं झालं?’ एवढं विचारून तुम्ही गप्प बसलात आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवलेत. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन दिलं नाहीत. फोटो गटावर टाकला नाहीत.

मग 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन. हा फोन चोवीस तास फुकट लागतो, नाव न सांगताही करता येतो. वय, पत्ता आणि जवळची खूण, घरात कोण कोण, शेवटचं काय दिसलं, आज रात्री मूल कुठे झोपणार, एवढं तुम्ही सांगितलंत आणि गाडी निघाली. पुरावा गोळा होईपर्यंत थांबणारे लोक आम्हाला फार भेटतात. पुरावा शोधणं आमचं आणि पोलिसांचं काम. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सद्भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

‘मूल उचलून नेतील’ ही गावातली भीती तुमच्याही कानावर आली असेल. ताब्यात घेतलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे न्यावं लागतं, पण बालगृह हा कायद्यानं शेवटचा पर्याय आहे. हे मूल सध्या आईबरोबर आजीकडे आहे, आणि आईचं प्रकरण घरगुती हिंसेच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलं आहे.

आता एवढं करा: मूळ वही कुणालाही देऊ नका, आमच्याकडे छायाप्रत आहे. जुन्या नोंदीत शब्दही वाढवू नका, नवीन काही दिसलं तर नव्या तारखेखाली लिहा. साक्षीचं समन्स आलं तर आधी आम्हाला कळवा, त्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी तुमच्यासोबत न्यायालयात येईल.

आपले,
बालसंरक्षणाच्या कामातले सहकारी