गाडी नापास करण्याचा अधिकार

साखळी, गोवा

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल वाचला. नव्या नोकरीचा पगार, राहण्याची सोय, कामाच्या वेळा हे सगळे तू फोनवर सांगितले होतेस. पण जी गोष्ट तुला खरोखर खटकते आहे ती तू लिहून कळवलीस, म्हणून मीही लिहूनच उत्तर देतो. तुझे म्हणणे असे की, ज्या कंपनीने तुला बोलावले आहे तिच्या नावाची एकही गाडी रस्त्यावर नाही, ती केवळ दुसऱ्यांच्या नावाने गाड्या बांधून देते, आणि जे ब्रँड आपली गाडी आपल्या कारखान्यात बांधत नाहीत त्यांना ब्रँड तरी कशासाठी म्हणायचे. प्रश्न रास्त आहे. त्याचे जे उत्तर तू मनाशी धरून बसली आहेस ते मात्र मला पटत नाही.

मी स्वतः सगळी नोकरी दुसऱ्याच्या नावाच्या बसगाड्या बांधण्यात केली, हे तुला ठाऊक आहे. सत्तरी तालुक्यातला आमचा कारखाना ज्या ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवाचा, ती कंपनी 1980 मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि गोव्याचे आर्थिक विकास महामंडळ यांनी मिळून उभी केली. उघडी चॅसिस, म्हणजे इंजिन आणि चाके असलेला गाडीचा नुसता तळ, घाट उतरून येते, तिच्यावर सांगाडा उभा राहतो, पत्रा चढतो, काचा, आसने आणि वायरिंग होते, आणि पुढच्या जाळीवर टाटांचे चिन्ह लावून बस बाहेर पडते. वाळपईच्या स्टँडवर उभा असलेला माणूस तिला टाटाची बस म्हणतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. बॉडी कोणी बांधली ते दाराजवळच्या छोट्या पट्टीवर लिहिलेले असते. ती पट्टी आम्हा कामगारांखेरीज कोणी वाचत असेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे मला कधी वाईटही वाटले नाही.

बॉडी पूर्ण झाली की बस पाण्याच्या चाचणीला जाते. चहूबाजूंनी फवारे सुटतात आणि तपासनीस विजेरी घेऊन आत बसतो. त्याने नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. छताच्या सांध्यावरून, खिडकीच्या रबराखालून, मागच्या काचेच्या कोपऱ्यातून तळहात फिरवावा लागतो, कारण पत्र्याच्या आतून उतरणारे पाणी थेंब होऊन दिसते ते पुष्कळदा गळतीच्या जागेपासून हातभर लांब. ओल लागली की तिथे खडूने गोल करायचा आणि बस मागे पाठवायची. आता तो गोल कोणाच्या मापाने करायचा, हे पाहा. फवारा किती वेळ चालावा, पाण्याचा दाब किती असावा, कोणती ओल चालेल आणि कोणती चालणार नाही, हे सारे ज्या कागदावर छापलेले असे तो कागद गिऱ्हाइकाचा असे. महिनाअखेर असो की डिस्पॅचची तारीख टळून गेलेली असो, त्या कागदाच्या आधारे एकदा ‘होल्ड’ म्हटले की बस जागची हलत नसे. कारखाना आमचा, हात आमचे, पण गाडी नापास करण्याचा अधिकार ज्याच्या मापाला होता त्याचेच नाव पुढच्या जाळीवर लागत होते, आणि ते मला कधी अन्यायाचे वाटले नाही.

मोटारींच्या जगात याचा सर्वांत ठळक दाखला मर्सिडीजच्या जी-क्लासचा आहे. ही चौकोनी, दणकट गाडी म्हणजे मर्सिडीजची ओळख असे लोक मानतात. पण 1979 पासून ती ऑस्ट्रियातील ग्राझ येथे बांधली जाते, आधी श्टायर-डायमलर-पुख या कंपनीकडून आणि आता तिच्याच वारसदार मॅग्ना श्टायरकडून. काही देशांत तर तीच गाडी बरीच वर्षे पुख या नावाने विकली जात होती. ग्राझजवळ शॉकल नावाचा 1445 मीटर उंचीचा डोंगर आहे, त्याच्या खडकाळ वाटांवर या गाडीची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेची खूण सांगणारी छोटी पट्टी गाडीच्या दाराच्या खांबावर मिरवली जाते. म्हणजे कंत्राटदाराच्या गावाबाहेरचा डोंगर आज ब्रँडच्या ओळखीचा भाग होऊन बसला आहे. 2023 मध्ये पाच लाखावी जी-क्लास तिथून बाहेर पडली, आणि मर्सिडीजची ओळख पातळ झाली असे कोणी म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही.

पोर्शेचे पाहा. 1997 पासून 2011 पर्यंत बॉक्स्टरचा मोठा वाटा फिनलंडमधल्या ऊसिकाउपुन्की या गावी वाल्मेट कंपनीने बांधला. इंजिने मात्र जर्मनीहून जात. गाडी कुठली हे चॅसिस नंबरातल्या एका अक्षरावरून कळते: फिनलंडची असेल तर यू, श्टुटगार्टची असेल तर एस. ज्याला हौस होती त्याने ते अक्षर पाहिले, बाकीच्यांनी गाडी चालवली. 2019 मध्ये आलेल्या टोयोटा सुप्राचे प्रकरण याहून अवघड होते, कारण तिथे ग्राझच्या एकाच छपराखाली ती आणि बीएमडब्ल्यूची झेड-फोर अशा दोन्ही गाड्या बांधल्या गेल्या आणि सुप्राचे सहा सिलिंडरचे इंजिनही बीएमडब्ल्यूचेच होते. टोयोटाचे जुने भक्त त्यावरून नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला कारखान्याच्या पत्त्यावरच्या कुरकुरीपेक्षा अधिक खरी वाटते. गाडी कोणी जोडली याने फारसे बिघडत नाही; तिचे काळीज कोणाचे आहे, हा प्रश्न लोक विचारणारच.

आपल्याकडचे उदाहरण तर तुझ्या रोजच्या पाहण्यातले. टोयोटाची ग्लान्झा 2019 मध्ये आली तेव्हा ती चिन्ह बदललेली मारुती बलेनोच होती, हे म्हापशाच्या बाजारातला रिक्षावालाही सांगत होता. त्यातही गंमत अशी की, ज्या गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्यात बलेनो आणि स्विफ्ट बांधल्या जात होत्या तो कारखाना तेव्हा मारुतीचा नव्हताच. तो जपानच्या सुझुकीच्या मालकीच्या वेगळ्या कंपनीचा होता, आणि मारुती त्या गाड्या तिच्याकडून घेत होती. 2023 मध्ये तो मारुतीने आपल्याकडे घेतला. तेव्हा देशात सर्वांत जास्त मोटारी विकणारी कंपनीसुद्धा आपल्या गाड्यांचा मोठा हिस्सा कागदोपत्री बाहेरून बांधून घेत होती, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नव्हता. ग्लान्झाच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती वॉरंटी. त्या वेळी बलेनोला दोन वर्षे किंवा 40 हजार किलोमीटरची हमी होती. टोयोटाने जवळपास त्याच गाडीला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची दिली. पत्रा तोच, इंजिन तेच, पण बिघाड झाला तर आम्ही किती काळ उभे राहू, याचे वचन निराळे. नुसते चिन्ह चिकटवण्याला मी फारसा मान देत नाही, तरी त्या वचनापुरता टोयोटाला तिथे नावाचा हक्क होता, असे माझे मत आहे.

हा हक्क मिळवता आला नाही म्हणजे काय होते, ते रोव्हरने दाखवून दिले. टाटांची इंडिका 1998 मध्ये आपल्याकडे आली. भारतीय कुटुंबासाठी, भारतीय रस्त्यांसाठी, भारतीय खिशासाठी केलेली ती गाडी होती आणि त्या मापाने तिचे मोठे स्वागत झाले. 2003 मध्ये ब्रिटनच्या एमजी रोव्हरने पुण्यात बांधलेली तीच गाडी बंपर, सस्पेन्शन आणि चिन्ह यांत बदल करून सिटीरोव्हर म्हणून विकायला काढली, आणि किंमत अशी लावली की त्याच पैशांत तिथल्या माणसाला अधिक नवी, अधिक सफाईदार गाडी मिळत होती. तिथल्या समीक्षकांनी तिला झोडपले. एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर कोसळली. त्याची कारणे पुष्कळ आणि जुनी होती, सिटीरोव्हरवर तो दोष टाकणे बरोबर नाही. तरी ज्या नावाचा अर्थ ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या मनात लाकूड, चामडे आणि शांत प्रवास असा होता, त्या नावाने त्या गाडीत आपले म्हणून घातले काय, याचे उत्तर नव्हते. पुण्यातल्या कामगाराचे त्यात काही चुकले नव्हते. नाव देणाऱ्याकडे देण्यासारखे नावच तेवढे उरले होते.

फ्रान्सच्या रेनो कंपनीची, नाशिकला महिंद्राने बांधलेली लोगान मोटार हा त्याच्या उलट बाजूचा किस्सा. 2007 मध्ये ती महिंद्रा-रेनो म्हणून आली, भागीदारी मोडल्यावर रेनोचे चिन्ह उतरले, आणि 2011 मध्ये व्हेरिटो या नावाने ती महिंद्राची झाली. टॅक्सीवाल्यांनी तिला दोन्ही नावांनी चालवले.

तुझ्या नव्या कामाच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखे आहे ते फिस्करचे. विजेवर चालणारी ओशन ही गाडी अमेरिकेच्या फिस्करने स्वतःचा कारखाना न काढता, जी-क्लास बांधणाऱ्या त्याच ग्राझच्या कंपनीकडून बांधून घेतली. 2023 मध्ये दहा हजारांवर गाड्या तयार झाल्या. बांधणारे हात जगातल्या उत्तम हातांपैकी होते. पण सॉफ्टवेअरच्या तक्रारी निघाल्या, सर्व्हिसची घडी बसली नाही, आणि जून 2024 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गाडी दारात उभी आणि सुट्या भागांसाठी फोन कोणाला करावा ते कळेना, अशी मालकांची अवस्था झाली. कारखाना बाहेर देणे ही त्यांची चूक नव्हती. कारखान्याबरोबर जबाबदारीही बाहेर गेली असे मानता येत नाही, कारण बांधून देणारा गाडी दारातून बाहेर काढून मोकळा होतो. तिचे पुढचे दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य ज्याने नाव लावले त्याच्याच गळ्यात असते. चीनच्या निओ कंपनीने सुरुवातीला आपल्या गाड्या जेएसीच्या हेफेई येथील कारखान्यात बांधून घेतल्या, गाडीच्या पाठीवर दोघांचीही नावे असत, आणि 2023 च्या अखेरीस तो कारखानाच विकत घ्यायचे ठरवले. ज्याला परवडते तो कधीतरी हेच करतो.

जाता जाता एक गोष्ट सुचते. आपल्या वेर्ण्याला आणि कुंडईला औषधांचे एवढे कारखाने आहेत; गोळ्यांच्या पट्टीमागे ती कोणी बनवली ते कायद्याने छापावेच लागते, मग पुढे नाव कोणत्याही मोठ्या कंपनीचे असो. मोटारीला तसे ठसठशीत लिहिण्याची सक्ती नाही. चॅसिस नंबराच्या पहिल्या तीन अक्षरांत ते दडलेले असते: एमएटी म्हणजे टाटा, एमए-वन म्हणजे महिंद्रा, एमए-थ्री म्हणजे मारुती. गाडी घेणाऱ्याला हे वाचता यावे, असे मला मनापासून वाटते. लपवण्याने ब्रँड मोठा होत नाही. उलट नंतर कोणी उघड केले की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते, आणि तुझेही तसेच झाले असावे.

आता तुझ्या बाजूची खरी भीती, जिचा तू ईमेलमध्ये उल्लेखही केला नाहीस. नाव नसण्याची खंत तू बाळगू नयेस, पण कामाची शाश्वती नसण्याची काळजी जरूर करावीस. जर्मनीतल्या ओस्नाब्र्युकच्या कारमान कंपनीचे नाव तर फोक्सवॅगनच्या गाडीवर दिमाखाने लागत होते, कारमान घिया या मॉडेलच्या नावातच ती होती. तरीही मोठ्या कंपन्यांनी उघड्या छपराच्या गाड्या आपल्याच कारखान्यांत बांधायला घेतल्या तशी तिच्याकडची कामे आटली आणि 2009 मध्ये तिचे दिवाळे निघाले. नेदरलँड्समधल्या बॉर्न येथे बीएमडब्ल्यूसाठी मिनी बांधणाऱ्या कारखान्याचे काम 2024 च्या सुरुवातीला थांबले आणि बदली गिऱ्हाईक मिळाले नाही. हजारो माणसांना घरी जावे लागले. आपल्या मागणीत चढउतार झाला की पहिला धक्का बाहेरच्या कारखान्याला बसावा, हाच तर बाहेर काम देण्यामागचा एक हेतू असतो. ब्रँडवाले हे उघडपणे बोलत नाहीत.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ते तुला काही विचारायचे आहे का म्हणतील, तेव्हा पगारावर घासाघीस करण्याआधी एवढे विचार: ड्रॉइंगवर शेवटची सही कोणाची असते, सुटा भाग किंवा त्याचा पुरवठादार बदलायचा तर कोणाची परवानगी लागते, आणि गाडी होल्डवर टाकली तर ती सोडण्याचा अधिकार उत्पादन विभागाच्या साहेबाला आहे की नाही. गिऱ्हाइके किती आहेत, करार किती वर्षांचा आहे, आणि तो संपल्यावर सुटे भाग कोण पुरवणार, हेही विचारून घे. गिऱ्हाईक नुसते चिन्ह पाठवते आणि बाकी सारे यांच्यावर सोडते असे दिसले, किंवा सगळा कारखाना एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर चालला आहे असे कळले, तर खुशाल नाही म्हण. तसे नसेल तर तू जावेस असे मला वाटते, मात्र तपासणी विभागातच. उत्पादनाच्या आकड्यांच्या बाजूला ओढू लागले तर लवकर हो म्हणू नकोस.

आईने सांगितले आहे की, रुजू होण्याची तारीख गणेशचवथीनंतरची मागून घे, म्हणजे रजेसाठी नव्या साहेबापुढे हात पसरायला नको.

तुझे
बाबा