डेहराडूनला जाण्याआधीचे आठ आठवडे

धुळे,
५ मे

प्रिय भटू,

सप्रेम नमस्कार.

भूषणचं नाव मेरिट लिस्टमध्ये आलं, पेढेही पोचले. फार आनंद झाला. जुलैच्या सुरुवातीला त्याला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत हजर व्हायचंय, म्हणजे हातात आठच आठवडे उरले. तू विचारलंस, "पोरगा टिकेल ना?" टिकेल. पण तिथे दंडात जोर नाही म्हणून मागे पडणारी पोरं थोडी. जास्त पोरं अडकतात ती नडगीच्या हाडापायी, पायाच्या फोडांपायी आणि दुखणं लपवण्यापायी. म्हणून सविस्तर लिहितोय.

सीडीएसमधून, म्हणजे भूषणसारखी पदवीधरांची लष्करी परीक्षा देऊन थेट गेलेल्या मुलांचं प्रशिक्षण १८ महिन्यांचं असतं, बारावीनंतरच एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जाऊन तिथून आलेल्यांचं एक वर्षाचं. खडकवासल्याच्या तीन वर्षांत त्या मुलांचे पाय तयार झालेले असतात. भूषण कॉलेजच्या बाकावरून उठून जाणार. हजर होताना लष्कराची किमान अपेक्षा अशी: २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुशअप्स, ३० सिटअप्स, ६ पुलअप्स आणि पोहण्याची तोंडओळख. भूषणला सध्या २.४ किलोमीटरला ११ मिनिटं २० सेकंद लागतात असं लिहिलंस. हे ५० सेकंद आठ आठवड्यांत कमी होतात, पण रोज उर फुटेस्तोवर पळून नाही.

२.४ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या सहा फेऱ्या. साडेदहा मिनिटांसाठी एक फेरी १ मिनिट ४५ सेकंदांची झाली. आठवड्यातून एकदाच तालुक्याच्या मैदानावर चार फेऱ्या प्रत्येकी १ मिनिट ५५ सेकंदांत मारायच्या, दोन फेऱ्यांमध्ये दीड मिनिट चालायचं. मग दर आठवड्याला थोडं पुढे सरकत सहाव्या आठवड्यापर्यंत सहा फेऱ्या, १ मिनिट ४५ सेकंदांच्या. एक दिवस लांब पण सावकाश पळणं, इतकं सावकाश की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पाच किलोमीटरपासून सुरू करून आठपर्यंत. आणखी दोन दिवस हलकं. बस, आठवड्यात चारच दिवस. चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी करायचं आणि निघण्याच्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं. शेवटच्या आठवड्यात घाबरून दुप्पट पळणारी पोरं दुखरे पाय घेऊनच गाडीत बसतात.

हाडाचं नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. अचानक भार वाढला की शरीर हाड मजबूत करायला घेतं, पण त्यासाठी जुना भाग आधी काढून टाकतं. नवा बांध घालायला जुना उकरावा आणि नेमका तेव्हाच नाल्याला पूर यावा, तशी गत होते. भार वाढल्यावर पहिले काही आठवडे हाड उलट कच्चं असतं, आणि अकॅडमीत नेमक्या त्याच आठवड्यांत पळणं, परेड मैदानावर पाय आपटणं आणि पाठीवर ओझं घेऊन चालणं एकदम सुरू होतं. मग नडगीला बारीक चीर जाते, त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. भूषणने हाडं उकरण्याचं काम इथेच, घरी, सावकाश उरकून घ्यावं, हाच या आठ आठवड्यांचा खरा उपयोग.

ओळख अशी. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात ठणकत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर भार कमी केल्यावर ते बरं होतं. पण बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, पळताना वाढत जात असेल, रात्री पडल्या पडल्याही जाणवत असेल, तर चीर समजायची आणि थांबायचं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. जांघेत खोल दुखत असेल तर एक पाऊलही पळायचं नाही, कारण खुब्याजवळची चीर पूर्ण तुटली तर करिअर जातं. जायच्या आधी डी जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडे ऊन एवढं, पण ते चुकवण्यातच आपला दिवस जातो, म्हणून डी कमी निघालं तर नवल वाटून घेऊ नकोस. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

पळायला डांबरी रस्त्यापेक्षा शेतरस्ता बरा, पण सगळं पळणं मऊ मातीत नको. दोन आठवड्यांनी एक दिवस कडक जमिनीवर घ्यावा, कारण तिथली परेड कडक जमिनीवरच आहे. ओझ्याचं म्हणशील तर पाच किलोपासून सुरू करून दहापर्यंत, पिशवी पाठीवर उंच, खांद्यांलगत घट्ट बांधलेली, आणि फक्त चालायचं. ओझं घेऊन पळायचं नाही. चोपड्याहून सातपुड्याचा पायथा जवळ आहे, आठवड्यातून एकदा चढण करावी. गुडघे उतरताना दुखावतात, म्हणून उतारावर पावलं आखूड.

पुलअप्स दोनच निघतात म्हणतोस. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. असं पाच वेळा, दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. दोरावर चढताना पोरं नुसत्या हातांनी ओढतात आणि अर्ध्यावर मुठी सुटतात. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोर दोन पावलांमध्ये दाबायचा आणि त्यावर उभं राहायचं. चढायचं पायांनी, हात फक्त धरायला. विहिरीत सूर मारायला भूषण शिकलाच आहे. आता न थांबता शंभर मीटर पोहणं आणि उंचावरून पाय खाली ठेवून सरळ उडी मारणं, एवढं पक्कं करावं.

उन्हाचं: मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा पळणं पहाटे पाचलाच. भूषणला वाटेल, खान्देशच्या पोराला डेहराडूनचा उकाडा काय करणार! पण आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथे जुलैत हवा दमट, घाम अंगावरच राहतो. शरीराला त्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. नुसतं पाणी भरमसाठ पिऊन रक्तातलं मीठ कमी होतं, तेही धोक्याचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पळता पळता सोबती भलतंच बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर सावलीत नेऊन आधी गार पाण्याने भिजवायचं, मग दवाखाना. आणि अति उठाबशांनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. जिमच्या डब्यांतल्या उत्तेजक पावडरी अजिबात नकोत. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दूध, अंडी, केळी एवढं पुरे.

आता मनाचं. दिवस पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो आणि झोप अपुरी राहते. चार मिनिटांत गणवेश बदलून या असा हुकूम होतो, जो पाळणं जवळपास अशक्य असतं. एकाची चूक, रगडा (शिक्षेचा व्यायाम) सगळ्यांना. पहिल्या टर्ममध्ये पोरांना वाटतं की उस्तादांचा, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांचा, आपल्यावरच डोळा आहे. तसं नसतं. दमलेल्या, झोप न झालेल्या माणसाचा निर्णय कसा असतो आणि तो शेजाऱ्याला विसरतो का, हे बघायला ते मुद्दाम रचलेलं असतं. १९३२ साली अकॅडमीच्या उद्घाटनाला भारतातले तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांनी क्रम सांगितला: आधी देश, मग हाताखालचे जवान, आणि सगळ्यात शेवटी तू. सामुदायिक शिक्षेतून तोच क्रम अंगात भिनवतात. भूषणने दिवसाचा विचार करूच नये, पुढच्या जेवणापर्यंतचा करावा. स्वतःचे बूट चमकवून झाले की शेजाऱ्याचा पट्टा घासायला बसावं. जो पहिल्या महिन्यात एकटा पडतो त्याला सगळं दुप्पट जड जातं.

चाचणीत नापास झालं तर सहा महिने मागे टाकतात, त्याला रेलिगेशन म्हणतात. ही भीती खरी आहे आणि तिच्यापायीच पोरं दुखणं लपवतात. नडगीचं दुखणं पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर काही आठवड्यांची विश्रांती पुरते. लपवून ठेवलेली चीर पूर्ण तुटली की सहा महिने जातात, कधी सगळंच जातं. प्रशिक्षणात अपंग होऊन घरी आलेल्या कॅडेट्सचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला, त्या बातम्या तूही वाचल्या असशील. भूषणला समोर बसवून हे बजाव. मी सांगण्यापेक्षा बापाने सांगितलेलं लागेल.

सुरुवातीला त्याला फोन फारसा मिळणार नाही. मिळाला की "झेपतंय का?" असं विचारू नकोस, तो "हो" च म्हणेल. "एका जागी दुखतंय का? फोड आलेत का? शेजारच्या खोलीत कोण आहे?" असं विचार. शेजाऱ्याचं नाव पटकन आलं तर पोराचं बरं चाललंय.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. मोज्यांसकट पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आत पातळ, वर जाड असे दोन मोजे घातले की घासणं मोज्यामोज्यांत होतं, कातडीला लागत नाही. फोड आला तर वरची कातडी सोलायची नाही. आजपासून रोज दोन तास ते बूट घरात घालून फिरू दे.

येत्या रविवारच्या चार फेऱ्यांच्या वेळा कागदावर लिहून मला कळव, आणि नडगीवर अंगठा दाबून कुठे दुखतं का तेही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश