खार्तूमच्या ब्रदर, वाळव्याहून नमस्कार

ब्रदर,

आमच्याकडे दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदरच म्हणतात. तुम्ही शिकायला पुण्यात तीन वर्षं काढलीत, म्हणजे तुम्हाला हे ठाऊक असणार. तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. सुदानातल्या लढाईत ज्याची जखम बांधली त्याच्या बाजूचा ठरवून डॉक्टर-नर्सना उचलून नेतात, असं तिकडचं ऐकते. माझ्या पत्रामुळे तुमच्यावर काही बेतायला नको. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, बोलायला दहा-बारा शब्द यायचे, असं हे सांगतात. पुण्यातला कुणी जुना मित्र वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

खार्तूमच्या दवाखान्यात तुम्ही आमच्या यांना सांभाळलंत, त्याचे आभार मानायचे अडीच वर्षं राहून गेले. आधी यांचं दुखणं, मग ऊस, हळद, पोरीची अॅडमिशन. आणि खरं सांगायचं तर परक्या माणसाला कोणत्या भाषेत, काय लिहायचं हा संकोच. मग २०२५ च्या ऑक्टोबरात बातमी आली. दारफूरमधल्या अल-फाशर शहरातल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून जास्त पेशंट आणि त्यांच्याजवळची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. तुमचं गाव दारफूरकडचं. खार्तूममधलं काम बंद पडलं तर गावाकडच्या दवाखान्यात जाईन, असं तुम्ही यांना म्हणाला होता. त्या रात्री यांनी तुमच्या नंबरवर मेसेज टाकला. एकच टिक आली. अजून एकच आहे.

हे पत्र बाकीचे लोकही वाचतील म्हणून थोडं मागचं सांगते. आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखर पाडणारे. आमच्या भागातले पॅनमन, फिटर, टर्बाइनवाले आफ्रिकेतल्या कारखान्यांवर जाणं नवीन नाही, एकेका गल्लीत चार-चार पासपोर्ट निघतील. सुदानमध्ये हे जिन्यावरून पडले, उजव्या मांडीचं हाड मोडलं, खार्तूमला नेऊन रॉड टाकला. तिसऱ्या दिवशी, १५ एप्रिल २०२३, शनिवार, शहरात लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं.

मुंबईच्या विमानतळावर यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणाऱ्या आणि तो स्टेटसला ठेवणाऱ्या एजंटाचा फोन त्याच दुपारी बंद झाला. दीड लाख मोजले होते त्याला. महिनाभरानं आष्ट्याच्या बाजारात दिसला, तर म्हणतो, वहिनी, रेंज नव्हती. ऑपरेशन झालेल्या मोठ्या, झगमगीत दवाखान्यानं दोन दिवसांनी पेशंटना सांगितलं, आपापलं बघा. आवारात गोळा पडला होता, तेही घाबरले असतील. मी त्यांना फार बोलत नाही. पण सलाईन लावलेल्या माणसाला फाटकाबाहेर व्हीलचेअरवर सोडून आतून कुलूप घालायचं, हे काही मनातून जात नाही. एका अनोळखी माणसानं आपल्या पिकअपमध्ये घालून यांना तुमच्या दवाखान्यात आणलं. तोही कोण, कुठला, कधी कळलं नाही. त्यालाही या पत्रातला नमस्कार.

तुमचा दवाखाना लहान. पंचवीस खाटा, त्यावर साठ माणसं. वीज नाही, नळाला पाणी नाही, एप्रिलातलं तिथलं ऊन. जनरेटरचं डिझेल ऑपरेशनपुरतं राखून ठेवलेलं. रमजान चालू होता. तुम्ही दिवसभर उपाशी आणि तहानलेले, संध्याकाळी रोजा सोडायला तीन खजूर, त्यातला एक यांच्या हातावर. हे माळकरी आहेत, एकादशीला पाण्यावर राहतात. दुसऱ्याच्या उपासातलं खाल्लं म्हणून त्यांना अजून चुटपुट लागून असते.

पण मला लिहायचंय ते चपलेबद्दल.

खिडक्यांच्या काचा फुटून वॉर्डभर पसरल्या होत्या. कितीही झाडलं तरी कुठून तरी निघायच्याच. रोज रात्री दिवे जायच्या आधी तुम्ही खाटाखाटांवर फिरायचात आणि प्रत्येक पेशंटच्या चपला खाली नीट मांडायचात, पुढचं टोक दाराकडे करून. खाटेवरून पाय सोडला की थेट चपलेतच पडला पाहिजे. कुणाच्या चपला दूर सरकल्या असतील तर गुडघ्यावर बसून, खाटेखाली हात घालून ओढून काढायचात. यांचा उजवा पाय टेकवायचाच नव्हता, म्हणून यांच्या खाटेशी फक्त डावी चप्पल आणि तिला चिकटून कुबडी. पहिल्या रात्री यांना वाटलं, हा माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसतोय. तुम्ही मोडक्या हिंदीत सांगितलंत, अंधारात पळायची वेळ आली तर चप्पल शोधत बसू नका, पाय खाली टाका, ती तिथेच असेल. हे म्हणतात, त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. बाहेर तोफा चालू होत्या, काही बदललं नव्हतं. आपण इथून उठून चालत जाऊ असं कुणीतरी धरून चाललंय, एवढंच कळलं.

मी स्वतः आशा सेविका आहे. पंधरा वर्षं घरोघर फिरतेय. बाळंतिणीच्या उशाशी पाणी ठेवलंय का, हे बघायला मला कुणी शिकवलं नाही आणि त्याचा कुठल्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. म्हणून तुमची चप्पल मला फार कळली.

दुसरी गोष्ट यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. एका रात्री बंदुका घेतलेली पाच-सहा पोरं वॉर्डात शिरली. पोरंच, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. त्यांना दुसऱ्या बाजूचा एक जखमी हवा होता. तुम्ही खाटेच्या आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलात, आवाज न चढवता काहीतरी बोलत राहिलात. अर्ध्या तासानं ती पोरं निघून गेली, जाताना औषधांचा खोका आणि अँब्युलन्सची चावी घेऊन गेली. सकाळी यांनी विचारलं, काय सांगितलंत त्यांना? तुम्ही म्हणालात, एवढंच की इथे कुणाला नाव नाही, फक्त खाटेचा नंबर आहे.

आमची थोरली मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स करते. मिरज म्हणजे आमच्याकडचं दवाखान्यांचं गाव, १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून लांबलांबचे पेशंट तिथे येतात. तिला हा प्रसंग सांगितला तर ती म्हणाली, आई, हे कायद्यातच आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांत. जखमी सैनिकावर उपचार चालू आहेत म्हणून दवाखाना शत्रूचा ठरत नाही. तिथून लढाईच सुरू केली तरच त्याचं संरक्षण जातं, आणि तेव्हासुद्धा आधी इशारा द्यावा लागतो, वेळ द्यावा लागतो. २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनं पुन्हा ठराव केला, दवाखान्यांवर हल्ले नकोत म्हणून. कागद चांगला आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्या रात्री वॉर्डात त्या कागदाकडून हजर होतात ते तुम्ही एकटे. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. उलट तुमच्याकडे वाद चालला होता म्हणे, की छपरावर रंगवलेली लाल चंद्रकोर, म्हणजे तिकडची रेड क्रॉससारखी खूण, झाकायची की ठेवायची. वाचवण्यासाठी काढलेली खूण नेम धरायला उपयोगी पडेल या भीतीनं शेवटी त्यावर ताडपत्री टाकली. यांनी हे सांगितलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते, तवा करपला.

तिच्याकडूनच आणखी एक कळलं. १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली तेव्हा शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी दोन्हीकडचे जखमी सारखेच सांभाळले. हा आपला, तो त्यांचा असं केलं नाही. त्या म्हणायच्या, सगळे भाऊच. ते डोळ्यांनी बघितलेल्या द्युनां नावाच्या माणसाच्या धडपडीतून पुढे रेड क्रॉस उभी राहिली, आणि १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं. बायकांना काय मिळालं ते पुस्तकात नाही. असो. सगळे भाऊच, हे ऐकून मला आपला ‘ब्रदर’ आठवला. वॉर्डात दिवसातून शंभरदा ती हाक मारली जाते, पण मारणाऱ्याच्या मनात भाऊ नसतो, सलाईन संपलेली असते.

आणि लांबचं कशाला बोलायचं? आपल्याकडे दवाखान्याच्या काचा फोडायला युद्ध लागत नाही. पेशंट दगावला की जीप भरून माणसं येतात. २०१० पासून महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझाच एक चुलतभाऊ अशा जमावात होता आणि घरी येऊन छाती फुगवून सांगत होता. तेव्हा मी गप्प बसले, चहा केला त्याला. कोरोनात सर्व्हे करताना माझ्या अंगावर एकानं कुत्रं सोडलं. २०२० च्या एप्रिलात केंद्रानं वटहुकूम काढला, आरोग्य कर्मचाऱ्यावर हात टाकला तर जामीन नाही. कुत्र्याला काय वटहुकूम. तो माणूस आज रस्त्यात भेटला की ‘काय ताई’ म्हणतो. मीही हसते. तुम्ही त्या बंदूकवाल्या पोरांशी आवाज न चढवता बोलत राहिलात, ते मला जमलं असतं का, हा विचार बऱ्याचदा येतो. तुम्ही काही मोठा माणूस असल्यासारखं वागत नव्हता, असं हे सांगतात. वैतागायचात, सिगारेटीसाठी जिन्यात जायचात, एकदा एका म्हाताऱ्यावर खेकसलात आणि मग त्याची नखं कापून दिलीत.

पोर्ट सुदानपर्यंत आठशे किलोमीटरच्या वर बस, मग नौदलाचं जहाज, जेद्दा, मुंबई. त्याचं सगळं पेपरांत येऊन गेलं, ज्यांनी आणलं त्यांचेही उपकार आहेतच. बसमध्ये चढवताना घाईत यांची उजवी चप्पल तुमच्या खाटेखाली राहिली. घरी आले ते एका चपलेवर.

आता हे रोज रात्री झोपण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या चपला खाटांशी मांडतात, दाराकडे टोक करून. चपला उंबऱ्याच्या आत आणल्या म्हणून सासूबाई पहिले सहा महिने रोज ओरडायच्या. हल्ली अंधारात उठल्या की त्यांचा पायही बरोबर चपलेत पडतो, आणि ओरडणं थांबलंय. ती खार्तूमची एकटी डावी कपाटावर आहे. मी दोनदा टाकायला काढली, दोनदा परत ठेवली.

फोन चालू झाला की काहीतरी पाठवा. शब्द नको, नुसता टिंब पाठवलात तरी चालेल. हे रात्री तीनलाही उठून बघतात.

तुमची,
वाळवा तालुक्यातली एक आशा सेविका, जि. सांगली
(खाट नंबर १४ ची घरवाली)