मूळ प्रत कपाटात आहे

फोंडा, गोवा
रविवार, रात्री

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच "पप्पा थांबा, मी इथनं बघते" म्हणतेस, म्हणून कागद घेतला. तुझ्या खोलीतल्या सर्व्हरची बूट डिस्क, म्हणजे मशीन जिच्यावरून चालू होतं ती, मी बदलली. चवथीला आलीस की आमच्याआधी त्या डब्याला भेटशील, आणि जुनी डिस्क हाती लागली की लावून बघशील. लावू नकोस. का, ते सांगतो.

पावसाच्या पहिल्या झडीत दोनदा वीज गेली आणि त्यानंतर मशीन चालू व्हायला पाच-पाच मिनिटं घेऊ लागलं. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, आय/ओ एरर: डिस्क वाचता-लिहिताना चूक. तू शिकवल्याप्रमाणे स्मार्ट, म्हणजे डिस्कनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहिलं, तर रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांचा, आकडा आठवडाभरात वाढलेला. घुमट आरतीची रेकॉर्डिंगं, आजीचे फोटो हे सगळं दुसऱ्या डिस्कवर आहे, हे ठाऊक होतं. तरी पोटात गोळा यायचा तो आलाच.

बाजारातून १२० जीबीची एसएसडी आणली आणि आपली जुनी १२८ची निघाली. पुऱ्या डिस्कची नक्कल लहान डिस्कवर मावत नाही. परत जाऊन २५० जीबीची आणली. आई अजून हसते.

तू म्हणाली असतीस, डेबियन ही सगळी सिस्टिमच नव्यानं टाका. पण मी नोकरीभर नक्कलखात्यात बसलो, माझा हात तिकडेच वळणार. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि बिघडत्या डिस्कची नक्कल उतरवायला डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम मला आवडला, कारण तो आमच्यासारखंच काम करतो. १९६१ पूर्वीची वाळवी लागलेली वही नकलेला आली की आम्ही आधी धड पानं उतरवून घ्यायचो. भोकं पडलेल्या ओळींवर अडून बसायचं नाही, कारण चाळता चाळता उरलेलं पानही हातात यायचं. मग शेवटी भिंग घेऊन त्या ओळींकडे परतायचं. डीडीरेस्क्यूही वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपतो आणि नंतर त्यांच्याकडे वळतो. पाऊण तासात जवळजवळ सगळी डिस्क उतरली. उरलेल्या चिमूटभर जागेनं रात्र खाल्ली. मी इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत आरामखुर्चीत. सकाळी ४८ केबी तेवढे वाचायचे राहिले होते. एफएसचेकनं डिस्कवरची मांडणी तपासली, मग डेबसम्सनं सिस्टिमच्या फायली पॅकेजांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या: एका फॉन्टची फाइल बिघडलेली. ते पॅकेज पुन्हा घातलं.

आता माझी चूक. जुनी डिस्क "असू दे जवळ" म्हणून आतच ठेवली आणि मशीन चालू केलं. झटकन चालू झालं. मी चहा घेतला, शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये पुन्हा तोच आय/ओ एरर. एलएसबीएलके मारून डिस्कांची यादी बघतो तर रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य विभाग, जुन्याच डिस्कवरून चाललेलं! नकलेबरोबर विभागांचे ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडीही, जसेच्या तसे आले होते. एफएसटॅब (कोणता विभाग कुठे जोडायचा ती यादी) आणि ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) त्याच क्रमांकानं डिस्क शोधतात. दोघी एकाच नावाच्या असल्या तर कोण उठून "हजर" म्हणेल याचा नेम नाही. मूळ आणि नक्कल एका बासनात बांधायची नाही, हे मी नव्या कारकुनांना बजावायचो. आणि मीच ते केलं.

एका दिवसाचं लिखाण जुन्या डिस्कवर पडलं होतं, म्हणून पुन्हा नक्कल. जुनीच मॅपफाइल दिली, तर तो क्षणात "झालं" म्हणून मोकळा. त्याच्या टिपणाप्रमाणे सगळं उतरलेलंच होतं ना! नवी मॅपफाइल दिली तेव्हा पहिल्यापासून निघाला. फॉन्टचे सोपस्कार पुन्हा. या खेपेला आधी जुन्या डिस्कची सॅटा केबल काढली, मगच मशीन चालू केलं.

जीपीटीच्या, म्हणजे डिस्कवरच्या विभागांच्या, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते, हे मला या वयात कळलं आणि फार बरं वाटलं. मोठ्या डिस्कवर ती मध्येच अडकून पडली होती. एसजीडिस्कनं टोकाला नेली, मग रूटचा विभाग वाढवला आणि रिसाइझटूएफएसनं आतली फाइलसिस्टिमही तेवढी पसरवली. आता जागा दुप्पट आहे. यूयूआयडी बदलून दोन्ही डिस्क सुखानं नांदवता येतात, तेही वाचलं. पण मग एफएसटॅब, ग्रब, सगळीकडे दुरुस्त्या. एवढी उस्तवार मी एकट्यानं करणार नाही. तू आलीस की करू, नाहीतर राहू दे.

जुनी डिस्क माझ्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवली आहे. वर "मूळ, लावू नये" अशी चिठ्ठी डकवली आहे. दिवाळीपर्यंत ती पुसायची नाही. मशीनमधल्या नव्या डिस्कवर मी "खरी नक्कल" लिहून खाली सही ठोकली आहे. हसू नकोस.

येताना सॅटाची एक केबल आण, जुनीची क्लिप माझ्या हातून मोडली. नेवऱ्यांसाठी पिठी काढून ठेवल्याचं आईनं तुला कळवायला सांगितलं आहे.

तुझे,
पप्पा