‘काय लागता हाताक?’ : आमच्या गुरांच्या डॉक्टरकाकांना पत्र

काकांनू,

सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी मी परळला परीक्षा घेत होते, यायला जमलं नाही. ते मनाला लागून राहिलंय. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. पशुधन पर्यवेक्षक गावोगाव काय करतो, ते लोकांना कळू दे. तुम्हाला नातू वाचून दाखवील.

जुलै १९९९. मी आठवीत होते, भाताची लावणी ऐन भरात होती आणि आमच्या तांबू गाईचं पहिलं वेत. पहाटेपासून दोन खुरं बाहेर दिसत होती, पुढे काहीच नाही. बाबा आणि शेजारचे काका खुरांना दोरी बांधून ओढत होते. तुम्ही भर पावसात एम-८० स्कूटरवरून आलात आणि आधी ती दोरी सोडायला लावलीत. मग हात घालून पाहिलात. आपली कोकण कपिला, कोकणातली गावठी गाय, लहान चणीची, त्यात पहिलारू. तुमचा रुंद पंजा पुढे सरकेना. मी बादली धरून उभी होते. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, “बांगड्यो काढ गो.”

माझी नखं तुम्ही स्वतः कापलीत. साबणाने हात धुऊन खांद्यापर्यंत खोबरेल चोळलंत. आत हात गेल्यावर मला फक्त ऊब कळत होती. तुम्ही विचारलंत, “काय लागता हाताक? पुढचो पाय की मागचो?” मला कुठलं कळायला! तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच बाजूला दुमडला तर पुढचा पाय, उलटसुलट दुमडले तर मागचा. एकाच बाजूला दुमडत होते. म्हणजे पुढचे पाय. मग त्यांच्यावर टेकलेलं नाक कुठे? नव्हतं. मान मागे वळून बरगड्यांशी गेली होती. बाहेरून ओढत राहिलो असतो तर ती आणखीच अडकली असती.

“कळ येता तेव्हा थांब. गेली की ढकल.” कळ आली की माझं मनगट चेपून निघायचं. कळ ओसरली की मी वासराला आत रेटायची आणि नाकाडापर्यंत बोटं पोचवायची. शेवटी त्याचं तोंड माझ्या तळव्यात आलं. दात गर्भपिशवीला लागू नयेत म्हणून ते तसंच झाकून धरत मी मान पुढे वळवली. नंतरचं तुम्ही केलंत. पाडी निपचित पडली होती, तुम्ही पेंढ्याची काडी तिच्या नाकात फिरवलीत आणि ती शिंकली. ती शिंक मला अजून ऐकू येते.

पुढची चार वर्षं मेच्या रविवारी तुम्ही मला गुरांच्या घटसर्प रोगाच्या लसीकरणाला नेलंत. मालवणच्या बंदरावर मासळीचा बर्फ घ्यायचा, लशीच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवायच्या. बर्फ थेट लागून लस गोठली की फुकट जाते, हे मी कॉलेजात शिकायच्या आधी तुमच्याकडून शिकले. टोचलेल्या प्रत्येक जनावराची नोंद तुम्ही माझ्याकडून वहीत करून घ्यायचात: मालक, वय, गाभण आहे की नाही.

बारावीनंतर घरात कोणीच तयार नव्हतं. गुरांत हात घालायला मुलगी मुंबईला पाठवायची? फॉर्म तुम्हीच घेऊन आलात. बाबांना म्हणालात, “तिचो हात तुमच्याच गोठ्यात गेलोहा, आता इचारतास कित्याक?” बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी सही केली.

कुडाळला कोकणकन्येत बसले ती पहाटे दादरला उतरले. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. एवढ्या जुन्या दगडी भिंती बघून पाय लटपटले होते. पहिलं वर्ष इंग्रजीपायी फार जड गेलं. एका शिक्षकांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं होतं, मुलींना मोठ्या जनावरांचं काम झेपतं का. त्या रात्री तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं. तुमचं उत्तर एका ओळीचं: “तांबू परत गाभण आसा.” ते कार्ड माझ्याकडे आहे.

मी पशुप्रजनन आणि प्रसूतिशास्त्र घेतलं ते तांबूमुळे. आता तोच विषय शिकवते. लहान चणीच्या पहिलारू गाईला मोठ्या जातीच्या वळूचं रेत भरू नये, वासरू अडतं, हे तुम्ही बांधावर बसून शेतकऱ्यांना समजावायचात. मी ते वर्गात गर्भाच्या आणि कटिराच्या (कमरेच्या हाडांच्या) मापांसकट सांगते. प्रात्यक्षिकाला मुलांचे डोळे रुमालाने बांधते आणि मालवणीतच विचारते, “काय लागता हाताक?” विदर्भातली पोरं आधी गोंधळतात, मग तीही मालवणीत उत्तर देऊ लागतात.

काकांनू, चतुर्थीला घरी येतेय. तांबूच्या वंशातली एक गाय गाभण आहे, त्याच दिवसांत विणार. तुमचे गुडघे दुखतात असं आई म्हणाली, म्हणून गोठ्यात खुर्ची ठेवायला सांगितली आहे. तुम्ही तिथे बसा आणि मला विचारा.

तुमची,
बादली धरणारी पोर